अश्वशर्यतीतील सचोटीची राखण

अश्वशर्यतीचा सारा आर्थिक डोलारा पैजेवर उभा असतो, आणि पैज लावणारा माणूस मैदानात उतरलेला प्रत्येक घोडा आपल्या पूर्ण कुवतीने धावेल, या एकाच भरवशावर पैसे मोजतो. हा भरवसा राखण्याची जबाबदारी इंग्लंडमध्ये १७५० च्या सुमारास स्थापन झालेल्या जॉकी क्लबकडे हळूहळू आली. न्यूमार्केट येथील या उमरावांच्या मंडळाने शर्यतीचे नियम घालून दिले, स्ट्युअर्ड म्हणजे चौकशीचे व शिक्षेचे अधिकार असलेले पंच ही व्यवस्था रुजवली आणि दोषी ठरलेल्यास शर्यतीच्या मैदानावर पाऊल ठेवण्यास बंदी घालण्याची शिक्षा रूढ केली.

या व्यवस्थेची मोठी परीक्षा १८४४ च्या एप्सम डर्बीत झाली. ही शर्यत केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असताना, प्रथम आलेला ‘रनिंग रेन’ हा वस्तुतः ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा असल्याचा आरोप झाला आणि लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी त्याचे पुरावे चिकाटीने गोळा केले. घोड्याचे दुधाचे दात ठरावीक क्रमाने पडतात; समोरच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीचाव्या वर्षी, तर तिच्या बाजूची साडेतीनाव्या वर्षी बदलते, त्यामुळे जाणकाराला जबडा उघडून वयाचा अंदाज बांधता येतो. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा न्यायाधीश बॅरन अल्डरसन यांनी घोडाच हजर करण्यास सांगितले. तो हजर करता न आल्याने ‘रनिंग रेन’च्या बाजूचा दावा बारगळला आणि दुसऱ्या क्रमांकाचा ‘ऑर्लँडो’ विजेता ठरला.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर १८ ऑगस्ट १९८४ रोजी ‘फाइन कॉटन’ या सामान्य घोड्याच्या नावाने ‘बोल्ड पर्सनॅलिटी’ हा सरस घोडा पळवण्यात आला, तेव्हा पायांवरील पांढऱ्या खुणा साधण्यासाठी चक्क रंग फासण्यात आला होता. पण पैशांचा ओघ एवढा वाढला की ३३ ला १ असलेला भाव ७ ला २ पर्यंत घसरला, आणि त्यामुळेच संशय बळावला. आज मानेत बसवलेली मायक्रोचिप, खुणांची नोंद असलेला पासपोर्ट आणि जनुकीय चाचणीने पडताळलेली वंशावळ यांमुळे अशी अदलाबदल फार अवघड झाली आहे. उत्तेजक किंवा गुंगीच्या औषधांचा वापर हुडकण्यासाठी घोड्याचे मूत्र व रक्त तपासले जाते.

मात्र घोडा खरा असूनही त्याला मुद्दाम मागे ठेवता येते, आणि इंटरनेटवरील पैज-विनिमय केंद्रांनी हा धोका वाढवला. पूर्वी प्रामुख्याने बुकीच घेत असलेली भूमिका, म्हणजे अमुक घोडा हरेल यावर पैसे लावणे, तेथे कोणाही ग्राहकाला खुली झाली. त्याच वेळी प्रत्येक पैजेची खातेदारासह नोंद राहू लागली, आणि २००३ मध्ये बेटफेअर या कंपनीने अशी माहिती जॉकी क्लबला देण्याचा करार केल्यावर तपासाला नवे साधन मिळाले. तरीही २००७ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात सहा जणांवरील अशाच कटाचा खटला पुराव्याअभावी कोसळला. फौजदारी न्यायालयात वाजवी शंकेला जागा न ठेवणारा पुरावा लागतो, तर शर्यतीच्या शिस्तपालन समितीला संभाव्यतेच्या तुलनेवर निर्णय देता येतो, हा फरक येथे निर्णायक आहे. त्याच वर्षी ब्रिटनमधील नियमनाचे काम ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी या स्वतंत्र संस्थेकडे गेले.

मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानांवर शर्यती भरवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबही स्ट्युअर्डांच्या याच परंपरेवर चालतो. अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. पण जॉकीचे कौशल्य प्रामाणिकपणे पणाला लागले, तरच त्या निर्वाळ्याला अर्थ उरतो. क्लबचा टोट (पैजांचे पैसे एकत्र करून विजेत्यांत वाटण्याची व्यवस्था) आणि परवानाधारक बुकी यांच्याकडे लावलेली पैज तपासता येते, तर बेकायदा बुकीच्या वहीत गेलेला पैसा कोणत्याही स्ट्युअर्डाच्या नजरेस पडत नाही. म्हणूनच शर्यतीची सचोटी टिकवायची असेल, तर शिक्षा कडक करण्याआधी प्रत्येक पैज नोंदीत आणणे आणि ती नोंद चौकशी करणाऱ्यांना खुली ठेवणे अगत्याचे आहे.