बुडालेल्या धानाचा कारभारी

मृगाचा जोरदार पाऊस कोसळला, कीं आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील बांध्या तुडुंब भरतात. पऱ्ह्यांसाठीं टाकलेलें धान पाण्याखालीं जातें आणि शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. गव्हाचा दाणा असा बुडाला तर कुजतो. मग धानाचा दाणा तेथें अंकुर कसा धरितो?

प्रत्येक दाण्यांत पिष्टाची शिदोरी असते. अमायलेज नांवाचें विकर, म्हणजे रासायनिक क्रियेस वेग देणारें प्रथिन, त्या पिष्टाची साखर करितें. साखरेंतून पेशीला शक्ति मिळते. परंतु पाण्याखालीं प्राणवायु फारच कमी असतो. एरवीं ग्लुकोजच्या एका रेणूपासून ए.टी.पी. या शक्तिद्रव्याचे सुमारें ३० रेणू मिळतात. येथें अवघे २ पदरीं पडतात.

अशा टंचाईंत स्नर्क-१ नांवाचें विकर दक्ष कारभाऱ्याप्रमाणें वागतें. शक्ति घटतांच तें अनावश्यक खर्च आवरितें आणि अमायलेजची निर्मिति वाढवून कोठार उघडवितें. प्राणवायु कमी झाल्याची वर्दी या कारभाऱ्यास सीआयपीके-१५ हें दुसरें विकर देतें, असें तैवानमधील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं दाखविलें. गव्हांत प्राणवायूवांचून अमायलेज निर्माण होत नाहीं. म्हणून कोठार भरलेलें असूनहि तो दाणा उपाशीं मरतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या देहांतहि याच कुळांतील एएमपीके हें विकर शक्तीचा हिशेब राखितें. मात्र कारभारी कितीहि दक्ष असला, तरी शिदोरी अखेर मोजकीच! पुष्कळ वाणांचे कोंब फार दिवस बुडाल्यास मरतात. म्हणून बांधींतील साचलेलें पाणी वेळींच काढणें, हें शेतकऱ्याचें कर्तव्य उरतेंच.