फाइल जन्मताना तिची दारे कोण ठरवतो?

आम्ही पडलो युनियनवाले. शाळा लवकर सुटली. संगणकाची सी भाषा आम्ही रात्री कचेरीत बसून पुस्तकावरून शिकलो. पुढे सभासदांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहून तो एका सामायिक संगणकावर चालविला. महिन्याभराने कळले की, त्या यंत्रावर ज्याचे खाते आहे तो कोणीही यादी वाचू शकत होता! ज्यांनी व्यवस्थापनाच्या नकळत वर्गणी भरली, त्यांचीही नावे तीत होती. कुलूप कोणी फोडले नव्हते. आम्हीच ते लावले नव्हते.

हे झाले कसे? युनिक्स, लिनक्स या यंत्रणांत प्रत्येक फाइलीपुढे तीन पक्ष असतात: मालक, त्याचा गट आणि इतर सर्व. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचा १ असे अधिकारांचे अंक आहेत. तेव्हा ६ म्हणजे वाचन आणि लेखन. सी मधील ‘एफओपन’ नवी फाइल करताना आपण होऊन ०६६६ मागते. म्हणजे तिघांनाही दोन्ही अधिकार. आरंभीचे शून्य ही अष्टमान पद्धतीची खूण. ते गाळले तर भलतेच अधिकार पडतात.

ही मागणी ‘यूमास्क’पुढे जाते. यूमास्कमध्ये जे अधिकार नोंदलेले, तेवढे मागणीतून कापले जातात. तो पुष्कळ ठिकाणी ०२२ असतो. त्यामुळे गटाचे व इतरांचे लेखन जाते आणि ०६४४ उरते. वाचन मात्र सर्वांना राहते. आमची यादी अशीच उघडी पडली.

मागणीपत्रावर मालक कात्री चालवितो, पदरचे घालीत नाही, यूमास्कही तसाच. पण करारात आम्ही जास्त मागून तडजोडीला जागा ठेवतो. इथे ती सवय घातक! इथे कमीच मागावे. ‘ओपन’ला ‘ओ-क्रिएट’ खुणेबरोबर ०६०० द्यावे: केवळ मालकाला वाचन-लेखन. हा आकडा विसरलात तर तेथे जो कचरा असेल तोच अधिकार ठरतो. फाइल आधीच असेल तर तिचे जुने अधिकार कायम राहतात; म्हणून ‘ओ-एक्स्क्ल’ खूणही जोडावी, म्हणजे जुनी फाइल असल्यास ‘ओपन’ नकार देते.

मागाहून ‘सीएचमॉड’ने दार लावता येते, पण तोवर ज्याने फाइल उघडली तो वाचतच राहतो. सभासदाने विश्वासाने दिलेले नाव पहिल्या क्षणापासूनच राखले पाहिजे.