गोठा, तोही गोल! सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा गोठा निवृत्त मंडळींनी कसा वाचवला?

गोठा म्हटलं की डोळ्यांसमोर लांबट शेड येते. एका बाजूला गव्हाण, वर पत्रे. पण अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात आर्केडिया नावाच्या छोट्या गावात चक्क गोल गोठा उभा आहे. विल्यम ओडोर या शेतकऱ्याने तो १८९८ मध्ये बांधला. खाली जनावरं आणि वर माळ्यावर वैरण, अशी सोय होती.

गोलच का?

या भागात टोर्नेडो, म्हणजे गरगर फिरत येणारी वादळं नेहमीचीच. गोल भिंतीला कोपरा नसतो, त्यामुळे वारा अडकत नाही आणि बाजूने निघून जातो, अशी त्या काळी समजूत होती.

दुसरा फायदा जागेचा. या गोठ्याचा व्यास ६० फूट आहे. म्हणजे भिंत साधारण १८८ फूट आणि आतली जागा २,८०० चौरस फुटांच्या वर. तेवढ्याच भिंतीत चौकोनी गोठा बांधला, तर जागा जेमतेम २,२०० चौरस फूट मिळते. भिंत तेवढीच, पण जागा ६०० चौरस फूट जास्त!

लाकूड कसं वाकवलं?

खरी कसोटी छपराची होती. जवळपासच्या ओक झाडांचं लाकूड ओलं असतानाच कापलं, पाण्यात भिजवलं आणि साच्यात दाबून वाकवलं. सुकल्यावर त्याचा बाक कायम राहिला. असे वाकवलेले वासे जोडून घुमटासारखं छप्पर तयार झालं. माळ्यावर मधे एकही खांब नाही. उंची सुमारे ४५ फूट.

असं सांगतात, की एवढी मोकळी जागा बघून कामावरच्या तीन तरुणांनी मालकाला गळ घातली, ‘वरची जमीन चांगल्या फळ्यांची करा, जास्तीचा खर्च आम्ही देतो.’ त्यांना तिथे नाचगाणी करायची होती. पुढे तशी ती झालीही.

छप्पर कोसळलं, पण...

पुढे देखभाल होईना. गोठा खिळखिळा झाला आणि १९८८ मध्ये छप्पर कोसळलं. पाडून टाका म्हणणं सोपं होतं. पण गावातल्या वारसा जपणाऱ्या संस्थेने काम हाती घेतलं. ल्यूक रॉबिसन हे निवृत्त बांधकाम ठेकेदार पुढे आले. त्यांच्या सोबतीला होती बहुतेक पासष्टी ओलांडलेली मंडळी. देणग्या आणि श्रमदान यांवर काम चाललं. लाकूड वाकवायची पद्धतही जुनीच वापरली. १९९२ मध्ये गोठा पुन्हा उघडला.

आज खाली छोटं संग्रहालय आहे आणि वरच्या माळ्यावर लग्नं व कार्यक्रम होतात. गोठा ‘रूट ६६’ या प्रसिद्ध जुन्या महामार्गाला लागून आहे. त्यामुळे येणारे-जाणारे गाडी थांबवतात, जिना चढून वर जातात आणि मान वर करून ते छप्पर बघत राहतात.