मेटल डिटेक्टर बदलताना : हळदीच्या गावासाठी चार गोष्टी

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावला लोक ‘वायगाव हळद्या’ म्हणतात. गावाची ओळखच हळद. २०१६ मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने पूड विकायची, तर पाकिटात हळदीशिवाय दुसरं काही जाता कामा नये. पण हळकुंड कठीण असतं. ते दळणाऱ्या पल्वरायझरचे हातोडे त्यावर झिजतात, जाळी फाटते, एखादा नट सुटून पुडीत पडतो. म्हणून कांडपाच्या शेवटी मेटल डिटेक्टर लागतो, आणि तो जुना झाला की नवा घेताना काही समज हमखास आड येतात.

पहिला समज असा, की डिटेक्टर विनाकारण वाजायला लागला म्हणजे तो बाद झाला. अनेकदा दोष यंत्रात नसतो, त्याच्या शेजारात असतो. डिटेक्टरच्या चौकटीत मधे एक तारेचं वेटोळं चुंबकीय क्षेत्र सोडतं आणि दोन्ही बाजूंची दोन वेटोळी ते तोलून धरतात. धातू आत आला की हा तोल ढळतो. जवळ हलणारा पत्रा, सैल बोल्ट, पल्वरायझरची थरथर, मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह किंवा खराब अर्थिंग असेल, तरीही तो ढळतो. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राला चकवलं, असं पुढे सांगितलं गेलं. आपल्याकडेही हेच घडतं. सर्वसाधारण हिशेब असा : चौकटीच्या तोंडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात स्थिर धातू नको आणि दुप्पट अंतरात हलणारा नको. नव्या यंत्राचे पैसे मोजण्याआधी हे अंतर टेपने मोजा, बोल्ट आवळा, अर्थिंग तपासून घ्या. मूळ कारण तसंच राहिलं, तर नवं यंत्रही आठवड्यात तसंच वाजेल.

दुसरा समज जास्त महागात पडतो : ‘तोंड मोठं घ्या, पुढे पोतीही जातील.’ तोंड जितकं मोठं, तितकी नजर कमजोर. शिवाय ती नजर सगळ्यात कमजोर असते ती चौकटीच्या बरोबर मध्यभागी. म्हणून चाचणीची धातूची गोळी मधून पास करून दाखवा, असा आग्रह धरा. कडेजवळून ती कोणतंही यंत्र पकडतं. पाव किलोच्या पाकिटासाठी पोत्याच्या मापाचं यंत्र घेणं म्हणजे बारीक कण सोडून देणं. दुसऱ्या युनिटचं जुनं, मोठं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘लोखंड पकडतो म्हणजे सगळं पकडतो’ हेही खरं नाही. लोखंड सगळ्यात सोपं. पितळ, तांबं त्यापेक्षा अवघड आणि स्टेनलेस स्टील सगळ्यात अवघड. स्टीलचा कण लोखंडाच्या कणापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट मोठा असेल, तेव्हाच तो तितक्या खात्रीने सापडतो. आणि अन्नाच्या कारखान्यात जाळी, चाळण, हॉपर सगळं स्टीलचंच असतं! जाळीची तुटलेली बारीक तार तर ज्या दिशेने आडवी-उभी पडेल, त्यावर सापडणं न सापडणं ठरतं. म्हणून लोखंड, पितळ आणि स्टील अशा तिन्ही गोळ्यांचं माप लेखी मागा.

मसाला युनिटवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ओल आणि मीठ वीज वाहून नेतात, त्यामुळे यंत्राला मालच धातूसारखा भासतो. कोरड्या हळदीला हा त्रास फारसा नाही, मीठ घातलेल्या मसाल्याला आहे. अशा मालासाठी एकाहून अधिक फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र घ्यावं. ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात भरत असाल, तर डिटेक्टर भरण्याच्या आधी बसवा.

लोहचुंबक मात्र काढू नका. हातोड्यांच्या झिजेतून येणारा लोखंडाचा बारीक भुगा डिटेक्टरला दिसत नाही, तो चुंबकच धरतो. चुंबकाला स्टील-पितळ लागत नाही, ते डिटेक्टर धरतो. दोघंही हवेत. खडा, काच, प्लास्टिक दोघांनाही कळत नाही, त्यासाठी निवडणं आणि चाळणंच.

सगळ्यात घातक समज शेवटी सांगतो, कारण तो पोटात जातो. ‘आमची हळद डिटेक्टरमधून गेली, म्हणजे तिच्यात शिसं नाही.’ पिवळेपणासाठी भेसळ म्हणून वापरलं जाणारं, शिसं असलेलं लेड क्रोमेट हा धातूचा तुकडा नाही, रंगाची भुकटी आहे. कितीही महागडा डिटेक्टर त्याच्यावर वाजणार नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. भारतीय नियमांप्रमाणे हळदीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही.

यंत्र पाहायला जाताना स्वतःच्या कांडपाची पाच किलो पूड आणि स्वतःच्या जाळीच्या तारेचा एक तुकडा बरोबर न्या. माहितीपत्रकातली मापं बऱ्याचदा रिकाम्या पट्ट्यावर घेतलेली असतात. तार तुमच्या हळदीत टाका, पट्टा तुमच्या वेगाने चालवायला लावा, आणि नुसता भोंगा वाजतो की ते पाकीट खरोखर बाजूला पडतं, हे दहा वेळा पाहूनच ऑर्डर द्या.