शाईचा एक थेंब

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात माणसं तोफा बघायला जातात. पारव्यांकडे कोण बघतो? जुन्या वास्तूत ते असायचेच. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते आणि धुळीबरोबर श्वासात जाते. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. किडनी बदललेल्याचं बिघडू शकतं.

नवी किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड यांसारख्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. मग ही बुरशी फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणात शिरते. बहुधा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर, म्हणजे घरचे निर्धास्त झाल्यावर. डोकं दुखतं, एवढंच. कित्येकदा ताप नसतो, मानही ताठत नाही. कारण ताप आणि सूज ही प्रतिकारशक्तीचीच करणी, आणि तीच दाबलेली. म्हणून ‘साधी डोकेदुखी’ हा शब्द मला इथे धोक्याचा वाटतो.

निदानासाठी पाठीतलं पाणी काढतात. त्यानं माणूस अधू होतो, ही भीती खेड्यापाड्यांत अजून आहे. सुई कमरेच्या खालच्या भागात जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. १८९१ साली जर्मनीत क्विंके या डॉक्टरांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. या आजारात कवटीतला दाब फार वाढतो, तेव्हा ते पाणी काढणं हाच उपचाराचा भाग होतो. कधी रोजच्या रोज काढावं लागतं.

पुढचं काम प्रयोगशाळेतलं. काचपट्टीवर त्या पाण्याचा थेंब, शेजारी इंडिया इंकचा थेंब, दोन्ही मिसळायचे. ही शाई काजळीची, आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांच्या शाईची भावकीच. बुरशीच्या पेशीभोवती जाड चिकट कवच असतं, काजळीचे कण त्यात शिरत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याभोर पडद्यावर पांढरं खळं पडलेले गोल दिसतात, खळं पडलेल्या चंद्रासारखे. वीज नसली तर आरशानं उजेड घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकावरही जमतं. मात्र नजर तयार हवी: नवखा माणूस हवेच्या बुडबुड्याला किंवा पांढऱ्या पेशीला फसतो, आणि बुरशी थोडी असेल तर जाणताही चुकतो. आता बुरशीचं प्रतिजन (तिच्या कवचाचा अंश) ओळखणारी पट्टी दहा मिनिटांत अधिक भरवशाचं उत्तर देते.

औषधांत खरी कसरत. अँफोटेरिसिन बुरशी मारतं, पण किडनीलाच जाच करतं. म्हणून त्याचं महागडं, पण किडनीला कमी जाचणारं लायपोसोमल रूप. पुढे महिनोन्‌महिने फ्लुकोनॅझोल. त्यानं रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं. आणि मेंदूच्या आवरणाचा आजार बुरशीचा नसून टीबीचा निघाला, तर त्यावरच्या रिफॅम्पिसिननं तेच टॅक्रोलिमस घटतं. मात्रा पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

परंड्याहून बार्शी जवळ, मोठ्या रुग्णालयांचं पुणं लांब. किडनी बदललेल्याचं डोकं आठवडाभर दुखत असेल, तर जवळच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: किडनी बदललेली आहे. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.