धाव, बटन आणि वाफसा : खानदेशातल्या दुहेरी वाटांचा टायर

टायरला मराठीत स्वतःचा शब्द होता. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोहार जी लोखंडी पट्टी चढवत असे, ती धाव. पट्टी लालबुंद तापवायची, फुगलेली असतानाच चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती आरे, पाठे आणि तुंबा एकमेकांत आवळून धरी. धाव किती रुंद ठेवायची, हा गाडीवानाचा जुना पेच. अरुंद धाव पक्क्या सडकेवर हलकी चाले, पण ओल्या शेतात सुरीसारखी खाली जाई. रुंद धाव शेतात तरंगे, पण एरवी बैलांच्या मानेवर भार टाकी. आजची अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेऊन दुकानात उभा राहिलेला माणूस नेमक्या याच पेचात असतो; फरक एवढाच की त्याच्यापुढे लोहार नसतो, कंपन्यांची चकचकीत पत्रकं असतात.

धावेच्या जागी हवा भरण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली पेटंट केली आणि जग ती विसरलं. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधली. चाकाने जमिनीशी झगडण्याऐवजी जमिनीचा आकार थोडा आपल्या अंगावर घ्यावा, एवढंच तिचं तत्त्व. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंचं स्वागत बैलांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर आले आणि ‘टायरगाडी’ हा शब्द रूढ झाला. धाव मात्र शब्दकोशात उरली.

दोन्ही वाटांवर चालणारी मोटरसायकल हा प्रकार जगात नाव घेऊन आला तो १९८० साली, बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीबरोबर. त्यातला जी म्हणजे जर्मन भाषेतलं रान आणि एस म्हणजे सडक. आपल्याकडे २०१६ साली आलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ साली आलेली हिरोची एक्सपल्स या दोन गाड्यांनी ही कल्पना मध्यमवर्गाच्या खिशात बसवली. पण खरं सांगायचं तर फैजपूर, सावदा, यावल, रावेर या पट्ट्यातला केळी उत्पादक शंभर सीसीच्या साध्या गाडीवर हेच काम कित्येक वर्षं करत आला आहे. डांबरावरून निघायचं, पाटाच्या कडेच्या मातीच्या वाटेने बागेत शिरायचं, मागे खताची गोणी किंवा ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं. त्याच्या गाडीला कुणी अ‍ॅडव्हेंचर म्हणत नाही आणि तिला त्या कामाचा टायरही कुणी देत नाही. म्हणून हा विषय फक्त हौशी मंडळींचा नाही.

टायर निवडायचा तर आधी जमीन वाचावी लागते आणि या बाबतीत फैजपूरची जागा फार बोलकी आहे. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा. तापीकडून डोंगराकडे निघालं की तासाभराच्या आत जमीन तीनदा बदलते. आधी तापीच्या गाळाची खोल, काळी, केळीला मानवणारी माती. मग सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातल्या नाल्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचा, रेतीचा, भरड गाळाचा पट्टा. भूजलाचे अभ्यासक याला बझाडा म्हणतात आणि पावसाचं पाणी जिरण्यासाठी यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत त्याला फार महत्त्व आहे. त्यानंतर खिरोद्याहून पालकडे चढताना बेसॉल्टचा खडक, मुरूम आणि सुटी खडी. यांना जोडणारं डांबर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या हवेत तापून निघतं. (यावल अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, टायर कोणताही असो.)

आता टायरकडे. दुकानदार ज्याला नक्षी म्हणतो ती म्हणजे रबराचे उठलेले ठोकळे आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या वाटा. उद्योगात याला जमीन आणि समुद्र यांचं प्रमाण म्हणतात. सडकेच्या टायरमध्ये जमीन जास्त, समुद्र कमी. मातीच्या टायरमध्ये समुद्र रुंद आणि खोल, ठोकळे उंच आणि सुटे. आपले मिस्त्री त्याला बटन टायर म्हणतात. बटन मातीत रुततं आणि मागच्या मातीला रेटून गाडी पुढे ढकलतं. हेच बटन डांबरावर आलं की दोन गोष्टी होतात. एक, जमिनीला टेकणारं रबरच कमी असतं. दोन, उंच ठोकळा ब्रेक मारताना आणि वळताना वाकतो. कोरं, उंच खोडरबर कागदावर घासून पाहा; ते आधी वाकतं, मग घासतं. गाडीवर हे वाकणं हँडलमध्ये तरंगल्यासारखं जाणवतं. तापलेल्या डांबरावर रोज असं घासून मागच्या टायरची मधली बटनं काही हजार किलोमीटरांत सपाट होतात, तर पुढच्या टायरच्या ठोकळ्यांना करवतीसारखे तिरपे दाते पडतात.

म्हणून कंपन्या सांगतात : हा सत्तर-तीसचा, हा पन्नास-पन्नासचा. सत्तर टक्के सडक, तीस टक्के माती. हे आकडे कोणत्याही प्रमाणित चाचणीतून आलेले नाहीत. कंपनीने आपल्या मालाचं केलेलं ते वर्णन आहे. एका कंपनीचा पन्नास-पन्नास दुसरीच्या सत्तर-तीसला बसेल. शिवाय हे प्रमाण किलोमीटरांचं, धोक्याचं नव्हे. आठवड्याच्या दोनशे किलोमीटरांत दहाच कच्चे असतील, पण पडायची शक्यता त्या दहांत एकवटलेली असू शकते. किंवा उलट. आणि खानदेशात ती पुष्कळदा उलटच असते, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या विटेसारख्या टणक होतात. अशा चाकोरीत पुढचं चाक अडकलं की टायरची नक्षी कामाची नसते. चाकाचा व्यास आणि चालवणाऱ्याची नजर कामाची असते. पावसानंतर हीच माती लोण्यासारखी होते. बटन टायरची जाहिरात सांगते की मोकळ्या वाटांमधून चिखल आपोआप फेकला जातो. जातो, पण चाक जोरात फिरत असेल तर. शेताच्या बांधावर माणूस चालीच्या वेगाने जात असतो आणि ही माती टायर सोडत नाही. शंभर फुटांत समुद्र बुजतो, बटन टायर गुळगुळीत होतो. नंतर चिखल मडगार्डमध्ये दाटतो आणि चाक थांबतं. मग खाली उतरून काडीने चिखल उकरायचा. अ‍ॅडव्हेंचर गाडीचं पुढचं मडगार्ड टायरपासून उंच, चोचीसारखं असतं त्याचं एक कारण हेच.

यावर शेतकऱ्याकडे एक शब्द आहे, जो टायरच्या कोणत्याही पुस्तकात नाही : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जादा पाणी निघून जातं, ओल राहते पण माती अवजाराला चिकटत नाही, ती अवस्था. मूठभर माती दाबून गोळा केला आणि तो बोटाने सहज फुटला, तर वाफसा आला. नांगराला जी जमीन चालते तीच टायरलाही चालते आणि वाफशावर आलेल्या काळ्या मातीत साधा सत्तर-तीसचा टायरसुद्धा उत्तम पकड देतो. वाफसा नसेल तर ऐंशी टक्के मातीचा टायरही पाच-पन्नास फूट पुढे नेण्यापलीकडे फारसं काही करत नाही. माझ्या मते काळ्या मातीतल्या आठ-दहा ओल्या दिवसांसाठी वर्षभर बटनं बाळगणं हा तोट्याचा व्यवहार आहे. त्या दिवशी गाडी डांबराच्या कडेला लावावी आणि पायी जावं.

कारण खरा धोका त्या दिवशी डांबरावरच असतो. शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरची चाकं सडकेवर काळ्या मातीचे लोंदे टाकत जातात. त्यावर पावसाची भुरभुर पडली की पातळ लेप तयार होतो. कापणी झालेल्या बागेपाशी केळीची पानं आणि बुंध्याचे तुकडे पडलेले असतील तर विचारूच नका. या लेपातून आत जाऊन डांबराला भिडायला बारीक कडा लागतात, टेकणारं रबर लागतं आणि ते रबर मऊ लागतं. बटन टायरकडे यातलं दुसरं कमी असतं. ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेला, मधली पट्टी जवळजवळ सलग असलेला टायर इथे जीव वाचवतो.

गोट्यांच्या पट्ट्यात प्रश्न नक्षीचा कमी आणि अंगाचा जास्त. पुढचं एकवीस इंची चाक ९०/९०-२१ या टायरसह सुमारे साडेएकोणसत्तर सेंटिमीटर व्यासाचं होतं. साध्या गाडीचं ८०/१००-१८ सुमारे बासष्ट. दहा सेंटिमीटरच्या गोट्यावर मोठं चाक कमी उभ्या कोनात चढतं. टायरची बाजूची भिंत जाड असावी. धागे तिरपे एकमेकांवर चढवलेला जुना बायस प्रकार इथे अजून टिकून आहे तो त्यामुळेच. रेडियल प्रकार सडकेवर वेगात थंड राहतो आणि आरामदायक असतो. आकारात आडव्या रेघेऐवजी आर हे अक्षर दिसलं की तो रेडियल.

हवेबद्दल एक छोटा हिशेब. मागच्या चाकावर स्वार आणि सामान धरून १६० किलो भार आहे असं समजा. ३२ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला तर जमिनीला टेकलेला भाग सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर, बोटं सोडून तळहाताएवढा. हवा २० पीएसआयवर आणली की तोच भाग ११४ च्या आसपास जातो. टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक जरा कमी, पण दिशा हीच. म्हणजे सुट्या खडीवर आणि रेतीत हवा कमी करणं हे नवा टायर घेण्याइतकंच परिणामकारक आहे आणि फुकट आहे. मात्र परत डांबरावर येताच हवा भरायला हवी. छोटा पंप जवळ नसेल तर हा खेळ करू नये. गोट्यांवर फार कमी हवा ठेवली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. उन्हाचाही हिशेब धरावा. सकाळी २५ अंशांना २८ पीएसआय भरलेला टायर ६५ अंशांपर्यंत तापला की आतला दाब ३३-३४ वर जातो. म्हणून हवा नेहमी गार टायरमध्ये मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून काढून टाकायची नाही.

ट्यूबलेस की ट्यूबवाला, हा वाद बाभळीच्या काट्याने बहुतेक मिटवला आहे. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून राहतो, हवा हळू जाते, रबराची वात घालून वाटेतच काम होतं. पण आऱ्यांच्या साध्या रिमला प्रत्येक आऱ्याशी भोक असतं, त्यामुळे तिथे ट्यूब लागतेच. डोंगरात जाणाऱ्याने चाक काढून ट्यूब बदलणं एकदा घराच्या अंगणात करून पाहावं. पाल घाटात शिकायची ती गोष्ट नाही.

मग घ्यावं काय? फैजपूरहून रोज निघणाऱ्या, महिन्यातून एखाद-दोनदा डोंगराकडे वळणाऱ्या गाडीसाठी मी पुढे पन्नास-पन्नासच्या जवळचा आणि मागे सत्तर-तीसचा किंवा त्याहूनही सडकेकडे झुकलेला टायर सुचवीन. मागचं चाक घसरलं तर बहुधा सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. मागचा टायर इंजिनाचा जोर झेलत लवकर झिजतो, म्हणून तिथे दाट नक्षी परवडते. दोन्हींची बांधणी मात्र एकाच जातीची, दोन्ही बायस किंवा दोन्ही रेडियल, असावी. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले, तेव्हापासून परदेशी नावांच्या मागे लागण्यात फारसा अर्थ राहिलेला नाही. सीएट, एमआरएफ, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो या सगळ्यांकडे दुहेरी वापराचे टायर आहेत. सीएट १९२४ साली इटलीतल्या तुरीनमध्ये जन्मली आणि आज तिचे दुचाकीचे टायर नागपूरजवळ बनतात, तर एमआरएफची सुरुवात मद्रासमधल्या खेळण्यातल्या फुग्यांपासून झाली.

साध्या गाडीच्या मालकाला एवढे पर्याय नाहीत. अठरा इंची चाकात बसणारा, जरा खोल नक्षीचा मागचा टायर मिळाला तर घ्यावा, पुढचा रुंद करू नये. रुंद टायर ऐटदार दिसतो, पण मडगार्डमधली मोकळी जागा खातो आणि पावसाळ्यात चिखल आणखी लवकर दाटतो.

दुकानात टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचायला दोन मिनिटं लागतात. ५४ एस असं असेल तर ५४ हा भारांक, म्हणजे २१२ किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा यातलं काही कमी नको. लंबगोलातले चार आकडे म्हणजे जन्मतारीख : ३६२४ म्हणजे २०२४ सालचा छत्तिसावा आठवडा. खानदेशी उन्हात पत्र्याच्या गोदामात तीन-चार वर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, नक्षी कितीही कोरी दिसो. फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पुढचा आणि मागचा टायर एकाच नक्षीचा असला तरी तो उलटा असू शकतो, आणि चाक गाडीवर चढण्याआधीच तो तपासायचा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर सावकाश, कोरड्या डांबरावर काढावे आणि त्यानंतर हवा पुन्हा एकदा गार असताना मोजावी.