जोर नव्हे, युक्ती

आम्ही घाटकोपरला राहत असलो तरी गाव मालवण. दिवाळीच्या सुट्टीत मी मामांच्या होडीवर मदतनीस होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंगला येणाऱ्यांना पोशाख चढविणे हे माझे काम. पुस्तकांचे पैसे त्यातूनच उभे करायचे होते.

पहिल्याच दिवशी ओढाताणीत माझे नख लागून एक सूट फाटला. मजुरी गेली, असेच वाटले. मामा एवढेच म्हणाले, "अरे, जोर कित्याक लावतस? आधी भिजव."

सूटचे निओप्रिन म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेले रबर. ते घट्टच हवे. आत शिरलेले पाणी सतत खेळत राहिले नाही तरच ऊब टिकते. कोरड्या कातडीला ते चिकटते, ओल्या अंगावर सरकते. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालावी, सूट कमरेपर्यंत उलटा दुमडावा आणि नखे न लावता थोडा थोडा वर घ्यावा. गुडघा नीट बसल्याशिवाय मांडीकडे वळू नये.

हवेची टाकी सुमारे १४ किलोची. ती दुसऱ्याने मागून धरावी. आपण काठावर बसून पट्टे अडकवावेत. पायांतले फिन्स सर्वांत शेवटी, कारण ते घालून चालवत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अवघड पुस्तकही आता मी ओढत नाही. थोडे थोडे सरकवतो.